नृत्य शिकून झाले, आता स्वतःचे कसे बसवायचे? नृत्यरचना आणि व्यवसायप्रवेश यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील नृत्यवर्गांचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि वर्ग चालवणारे शिक्षक जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा घेऊन येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आमचा अनुभव प्रामुख्याने कथक आणि भरतनाट्यम या शैलींच्या वर्गांचा आहे. मात्र लोकनृत्य किंवा पाश्चात्त्य शैली शिकणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल.

विशारद झालेला विद्यार्थी स्वतःची नृत्यरचना करू शकतो, असे धरून चालावे का?

धरून चालू नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत आणि त्या चढताना विद्यार्थ्याचे ताल, पदन्यास, हस्त आणि अभिनय यांवर चांगले प्रभुत्व येते. परंतु या सगळ्या वर्षांत काय नाचायचे, ते कोठून सुरू करायचे, कोठे थांबायचे आणि रंगमंचाच्या कोणत्या कोपऱ्यातून यायचे, हे जवळजवळ प्रत्येक वेळी गुरूंनी ठरवलेले असते. अशा विद्यार्थिनीला दोन मिनिटांचे स्वतःचे काही बसवून आणायला सांगितले, तर ती बहुधा आपल्याला येणारे तोडे, तुकडे आणि एखादे परण, म्हणजे तालात बांधलेले ठरावीक नृत्यबंध, एकापुढे एक जोडून आणते. ते स्वच्छ असते, तालात असते, पण त्यात निवड नसते. हाच तुकडा का, येथेच का, आणि तो काढून टाकला तर काय बिघडेल, या प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नसते. यात तिचा दोष नाही, कारण हे प्रश्न तिला कोणी विचारलेलेच नसतात.

स्पर्धांमुळे ही उणीव अधिकच झाकली जाते. स्पर्धेत बक्षीस मिळवणारे नृत्य शिक्षकांनी बसवलेले असते, नाव मात्र विद्यार्थ्याचे होते, आणि आपल्या मुलाला रचना जमते असा समज पालकांच्या मनात पक्का होतो.

मग रचना शिकवायला केव्हा सुरुवात करावी?

प्रवेशिकेच्या, म्हणजे प्रारंभिकनंतरच्या, टप्प्यापासून करावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सोळा मात्रांपैकी शेवटच्या चार मात्रा मोकळ्या सोडून "या चार तुमच्या" एवढेच सांगितले, तरी पुरते. मध्यमेपर्यंत हीच मोकळी जागा एका संपूर्ण आवर्तनाची (तालाच्या एका फेरीची), नंतर एका मिनिटाची आणि पुढे तीन मिनिटांची होते. विशारदनंतर एकदम वेगळा विषय म्हणून रचना समोर ठेवली, तर विद्यार्थी भांबावतात आणि शिक्षकही "तुझ्यात ते नाही" असा निकाल घाईने देतात.

येथे एक अडचण स्पष्टपणे मांडायला हवी. आपल्याकडे दहावीच्या वाढीव गुणांपर्यंत नृत्य आणि त्यानंतर अकरावी, बारावी, नीट किंवा जेईई, असा प्रघात पडला आहे. म्हणजे रचनेची समज येऊ लागते त्याच वयात वर्ग सुटतो. जे थोडे विद्यार्थी टिकतात, त्यांना आठवड्यातून एकच तास देता येत असेल, तर तो तास नवीन तुकडे शिकवण्यात न घालवता त्यांच्या स्वतःच्या कामासाठी राखावा, असे आमचे मत आहे.

रचना शिकवतात म्हणजे नेमके काय करतात? प्रतिभा शिकवता येते का?

प्रतिभा शिकवता येत नाही. पाहणे, निवडणे, बदलणे आणि टाकून देणे हे मात्र शिकवता येते, आणि रचनेचा मोठा भाग याच चार कामांचा असतो. वर्गातील एका सरावाचे उदाहरण घेऊ.

विद्यार्थ्यांना कापसाच्या शेतात वेचणी पाहायला पाठवले जाते. खान्देशात त्यासाठी लांब जावे लागत नाही. बहुतेक मुले पहिल्या आठवड्यात जे करून आणतात, ते स्नेहसंमेलनातील शेतकरी नृत्यासारखे असते: हसरा चेहरा, डाव्या-उजव्या बाजूला वेचल्याचा हात, मग एक गिरकी. हे आम्ही हसण्यावारी नेत नाही, पण स्वीकारतही नाही. आता प्रश्न विचारले जातात. कमरेला बांधलेली ओटी रिकामी असताना बाई कशी चालत होती आणि ती भरत आल्यावर कशी चालत होती? दोन्ही हात एकाच गतीने चालत होते का? एखादे बोंड नीट उकललेले नसेल, तर बोटे कोठे अडत होती? वाळलेल्या बोंडाची टोके टोचतात, तेव्हा हात मागे येतो की तेथेच थांबतो? ज्याने खरोखर पाहिले आहे त्याला उत्तरे देता येतात. ज्याने पाहिलेले नाही त्याला पुन्हा शेतात जावे लागते.

दुसऱ्या आठवड्यात हात पूर्णपणे काढून टाकायला सांगतात. फक्त चाल ठेवायची आणि दर आठ मात्रांनी पोटाजवळचे वजन वाढत आहे, असे शरीराला समजू द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात हातांची लय परत आणायची, पण हात न वापरता: दोन झटपट ओढी आणि एक अडलेली ओढ, ही लय खांद्यात, मानेत किंवा टाचेत ठेवायची. कोणी ती रूपक तालाच्या सात मात्रांत, म्हणजे तीन, दोन, दोन अशा विभागांत बसवून पाहतो आणि अडलेली ओढ नेमकी पहिल्या विभागात येते, तेव्हा रूपकाची खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, अचानक वेगळी वाटू लागते. त्यानंतर दोन नर्तक शेजारच्या दोन ओळींत उभे करून एकाला पुढे जाऊ द्यायचे आणि दुसऱ्याला मागे ठेवायचे. आता त्या दोघांमध्ये काही घडू लागते, जे कोणी सांगितलेले नसते. शेवटी जे तयार होते त्यात कापूस दिसेलच असे नाही, पण वजन दिसते आणि वाट पाहणेही दिसते.

युरोपमध्ये रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचा विचार वजन, काळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी केला आणि १९२८ मध्ये हालचाल लिहून ठेवण्याची लिपी प्रसिद्ध केली. वरील सराव त्याच्याशी जुळतो. आपल्या परंपरेतील आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनोभावांचा) हे अभिनयाचे चार प्रकारही असेच प्रश्न विचारायला उपयोगी पडतात: यातले आंगिक काढले तर काय उरते, आहार्य बदलले तर अर्थ बदलतो का? कोणतीही परिभाषा चालेल. विद्यार्थ्याला आपल्याच कामाकडे पाहून "हे चांगले झाले नाही" याऐवजी "येथे काळ एकसारखा आहे, म्हणून कंटाळवाणे होते" असे म्हणता यायला हवे.

असे बदल केल्याने शैलीची शुद्धता राहत नाही, असे अनेक गुरू म्हणतात. ते चूक आहे का?

चूक नाही, परंतु अपुरे आहे. ज्यांनी शास्त्रीय नृत्यात नवे काम उभे केले, त्यांची पारंपरिक तालीम बहुधा फार पक्की होती. कुमुदिनी लाखिया यांनी अहमदाबादला 'कदंब' ही संस्था उभारली, कथक एकल नर्तनातून समूहात आणले आणि राधाकृष्णाच्या कथांपलीकडचे विषय त्यात हाताळले. १९७१ मधील 'दुविधा'त मध्यमवर्गीय स्त्रीची कोंडी होती, तर १९७३ मधील 'धबकार'मध्ये कथेशिवाय, केवळ गती आणि आकृती यांच्या आधारे समूह उभा राहिला. चंद्रलेखा यांनी १९८५ च्या 'अंगिका'मध्ये भरतनाट्यम, योग आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला यांची शरीरे एकमेकांसमोर आणली. त्यापूर्वी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, उदय शंकर यांनी अल्मोड्याला उभारलेल्या केंद्रात विद्यार्थ्यांना शैलींबरोबर निरीक्षण आणि तात्काळ रचना शिकवल्या जात होत्या. तेव्हा रचनेचे शिक्षण हे भारतीय नृत्याला बाहेरून चिकटवलेले काही नाही.

गुरूंचा आक्षेप ज्या ठिकाणी खरा ठरतो, ते ठिकाण वेगळे आहे. अडीच वर्षांची तालीम असलेला विद्यार्थी तत्कार (पायांचे मूलभूत काम) कच्चा आहे म्हणून जेव्हा स्वतःला "कंटेम्पररी" म्हणवून घेऊ लागतो, तेव्हा गुरूंचे ऐकावे.

सातपुड्यातील आदिवासी नृत्ये किंवा खान्देशात श्रावणात घरी बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीची गाणी आपल्या रचनेत घेता येतात का?

घेता येतात, पण त्याआधी थोडे थांबावे लागते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी आणि सातपुड्यातील इतर गावांच्या होळ्या पाहायला आता पुष्कळ लोक जातात, चित्रीकरण करतात, आणि पुढच्या स्नेहसंमेलनात मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू असलेला एक समूह रंगमंचावर येतो. जे पुरुष होळीत असा साज घालून बावा किंवा बुध्या होतात, ते त्याआधी काही दिवस पालनी पाळतात; म्हणजे ब्रह्मचर्य आणि जमिनीवर झोपणे यांसारखे कडक नियम त्यांनी स्वीकारलेले असतात. तो साज व्रताचा आहे, वेशभूषेच्या दुकानात भाड्याने मिळणारा पोशाख नव्हे. ज्या नृत्यामागे व्रत आहे, ते तसेच्या तसे उचलून चित्रपटगीतावर नाचवणे आम्हाला अयोग्य वाटते आणि आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ते करू देत नाही.

याचा अर्थ त्या दिशेला पाहूच नये, असा नाही. ढोलाच्या घेऱ्यात शेकडो माणसे रात्रभर एकाच लयीत कशी टिकतात, पाऊल जमिनीला किती लागते आणि किती सुटते, थकवा आल्यावर घेर मोठा होतो की लहान, हे शिकण्यासारखे आहे आणि ते कोणाचे चिन्ह उचलल्याशिवाय शिकता येते. त्या गावातील ढोलवादक किंवा नर्तक यांना तालमीला बोलावले, तर त्यांना मानधन द्यावे, पत्रिकेत त्यांचे आणि गावाचे नाव त्यांच्या संमतीने छापावे, आणि तयार झालेले काम प्रथम त्यांना दाखवावे.

कानबाई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) यांची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण वर्गातील अनेक मुलींच्या घरीच कानबाई बसते आणि आखाजीला झोके बांधले जातात. आपल्या आजीने म्हटलेले अहिराणी गाणे घेऊन काम करणाऱ्या मुलीला परवानगी कोणाची मागणार? तरीही त्या आजीकडून गाणे पूर्ण ऐकावे, एकाच कडव्यावर समाधान मानू नये. श्रावणात नारळाच्या रूपातील कानबाई बसवण्यापासून सोमवारच्या विसर्जनापर्यंतच्या विधीत बायकांच्या चालण्याची, थांबण्याची आणि फेर धरण्याची एक स्वतःची संरचना आहे. रचनाकाराला त्यात शब्दांपेक्षाही अधिक मिळू शकते.

संगीत कोठून आणावे?

शक्य असल्यास शेवटी आणावे. चित्रपटगीत आधी निवडले की प्रत्येक ओळीला एक हावभाव आणि प्रत्येक ठेक्याला एक स्टेप, अशीच रचना हातून होते. गाणे सगळे निर्णय घेऊन मोकळे झालेले असते. म्हणून पहिली काही कामे शांततेत, टाळीवर किंवा एका तबल्यावर करावीत. भजनी मंडळातील पखवाज वाजवणारे किंवा वही गायनातील डफ वाजवणारे कलाकार आपल्या आसपास असतात, आणि जिवंत वादकाबरोबर तालीम केल्याने लय मागे-पुढे करण्याची जी सवय लागते, ती मोबाइलवरच्या ट्रॅकने लागत नाही.

तिकीट लावलेल्या किंवा प्रायोजित कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गाणे वापरायचे असेल, तर शब्द-संगीताचा परवाना आणि ध्वनिमुद्रणाचा परवाना हे दोन वेगळे विषय आहेत, आणि तो परवाना कोणी घ्यायचा, हे आयोजकाशी आधीच लेखी ठरवावे.

तालमीला चांगली जागा नाही. शहाबादी फरशीवर चालेल का?

तत्कार आणि बैठे काम चालते. उड्या चालत नाहीत. शहाबादी किंवा सिमेंटच्या जमिनीला अजिबात लवचीकता नसते, त्यामुळे उडीचा सगळा धक्का नडगी, गुडघा आणि कमर यांवर येतो आणि नडगीचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी व्यासपीठ असेल, तर उड्या आणि जमिनीवर पडण्याचा भाग तेथेच करावा. तेही नसेल, तर रचनाच तशी करावी. जमिनीशी जवळीक ठेवून केलेले काम कमी दर्जाचे नसते.

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ आणि जळगाव परिसरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छताखाली दुपारची तालीम ठेवू नये. सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ उत्तम असते.

पुढील शिक्षणासाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते का?

पदवीसाठी बाहेर जावे लागण्याची शक्यता अधिक आहे, परंतु दिशा एकच नाही. पुणे विद्यापीठाचे १९८७ मध्ये सुरू झालेले ललित कला केंद्र आणि मुंबईतील, डॉ. कनक रेळे यांनी उभारलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय ही नावे सर्वांना माहीत असतात. नंदुरबार, नवापूर आणि शहादा येथील विद्यार्थ्यांना मात्र सुरतमार्गे बडोदे पुष्कळ सोयीचे पडते, आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्याचे जुने, प्रतिष्ठित शिक्षण आहे. समकालीन नृत्याकडे कल असेल, तर बंगळूरची 'अट्टक्कलरी' ही संस्था १९९२ पासून काम करते. कथकसाठी दिल्लीचे कथक केंद्र आहेच.

जाण्यापूर्वी विद्यार्थ्याजवळ स्वतःचे दोन-तीन लहान का होईना पण पूर्ण झालेले काम असावे, असा आमचा आग्रह असतो. मोठ्या शहरात दुसऱ्याच्या स्टेप अचूक करणारे शेकडो जण आधीच रांगेत उभे असतात. आपल्या गावी असताना मोकळेपणाने चुकता येते, जागेचे भाडे परवडते आणि पाहायला ओळखीची माणसे मिळतात. तेथे गेल्यावर यातले काहीच सहज मिळत नाही.

यातून पोट भरते का?

फक्त रंगमंचावर स्वतःचे काम सादर करून पोट भरणारे नर्तक देशभरात थोडे आहेत, हे पालकांना प्रथमच सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. बहुतेकांचे उत्पन्न तीन-चार वाटांनी येते: वर्ग चालवणे, शाळांमध्ये शिकवणे, जानेवारी-फेब्रुवारीतील स्नेहसंमेलने बसवून देणे, लग्नातील संगीताचे कार्यक्रम, अहिराणी गाण्यांच्या ध्वनिचित्रफिती, नाटके आणि जाहिराती, आणि त्यांतून उरलेल्या वेळात व पैशात स्वतःची निर्मिती. ज्यांना वाटते की आधी पैसा जमवू आणि मग रचना करू, त्यांची रचना बहुधा राहूनच जाते. आठवड्यातील निदान दोन सकाळी कोणत्याही सुपारीसाठी न विकण्याचा नियम सुरुवातीलाच घालून घ्यावा.

लग्नाच्या संगीतात किंवा अहिराणी गाण्यांच्या चित्रीकरणात काम करणे कमीपणाचे आहे का?

आमच्या मते मुळीच नाही. वधूच्या साठ वर्षांच्या आत्याला आणि सात वर्षांच्या भाच्याला चार दिवसांत एकत्र नाचवणे, हे रचनाकाराचेच कौशल्य आहे. ज्या शरीराला जे शक्य आहे त्यातून काही उभे करणे तेथे शिकायला मिळते. अहिराणी गाण्यांना तर आज खान्देशाबाहेरही प्रेक्षक आहे, आणि अशा चित्रीकरणात कॅमेऱ्यासाठी रचना करणे किती वेगळे असते, हे पटकन कळते. अडचण कमीपणाची नसून हिशेबाची आहे.

समजा, एका संगीत कार्यक्रमाचे तुम्हाला २०,००० रुपये मिळाले. चार नर्तकांना प्रत्येकी २,००० याप्रमाणे ८,००० गेले, पोशाखांच्या भाड्याचे प्रत्येकी ६०० याप्रमाणे २,४००, गाडीचे ३,००० आणि गाणी जोडण्याचे १,००० गेले. उरले ५,६००. सहा तालमी आणि कार्यक्रमाचा एक दिवस धरला, तर तुमच्या एका दिवसाला ८०० रुपये पडले, आणि त्यात फोनवर वाटाघाटी करण्यात गेलेला वेळ मोजलेलाच नाही. हा हिशेब कागदावर मांडला की पुढच्या वेळी किती रक्कम सांगायची, हे कोणाला विचारावे लागत नाही. निम्मी रक्कम तालमी सुरू होण्यापूर्वी विसार म्हणून घ्यावी. "आपल्यातलेच आहेत, नंतर बघू" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांकडून तर नक्कीच घ्यावी.

माझी रचना कोणी चोरली तर? कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेचा समावेश 'नाट्यकृती'च्या व्याख्येत होतो, मात्र तिचे स्वरूप लिखित किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेले असले पाहिजे. म्हणून प्रत्येक रचनेची टिपणे ठेवावीत: तारखेसह आकृत्या, मात्रांची नोंद, प्रवेश आणि निर्गमन, प्रकाशाच्या सूचना. संपूर्ण रचनेचे एकाच जागेवरून, न थांबवता केलेले चित्रीकरणही जपून ठेवावे. नोंदणी बंधनकारक नाही, पण करायची असल्यास अशा कृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. सुटा पदन्यास, एखादी मुद्रा, ठरलेले तुकडे किंवा लोकनृत्यातील पावले यांवर मात्र कोणाचाच हक्क सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

नोकरीत असताना केलेल्या कामाचा विचार वेगळा होतो. एखाद्या शाळेत किंवा अकादमीत पगारी असताना नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे बसवता, त्याचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याकडे जातो. म्हणून रुजू होतानाच लेखी विचारून घ्यावे. एका माजी विद्यार्थिनीने एका संस्थेसाठी तीन वर्षे काम केले आणि ती बाहेर पडल्यावर तिच्या नावाशिवाय तीच नृत्ये सादर होत राहिली. तिच्या हातात एकही कागद नसल्यामुळे तिला काही करता आले नाही.

शासनाकडून काही मदत मिळते का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते, आणि त्यासाठी गुरूंकडे किमान पाच वर्षांची तालीम झालेली असावी लागते. २५ ते ४० वयोगटासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा १०,००० रुपयांची आहे. लहान मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र हा उदयपूरच्या पश्चिम आणि नागपूरच्या दक्षिण-मध्य अशा दोन्ही सांस्कृतिक केंद्रांत समाविष्ट असल्याने आपल्या समूहाची माहिती दोन्हीकडे पाठवावी. बरेच जण एकाच ठिकाणी पाठवून थांबतात.

अर्जात "मला लहानपणापासून नृत्याची आवड आहे" या वाक्याने सुरुवात करू नये. कोणत्या विषयावर, कोणाबरोबर, किती महिन्यांत काय तयार करणार आहात, हे पहिल्या परिच्छेदात सांगावे.

पहिले स्वतंत्र काम कोठे सादर करावे?

महाविद्यालयात असाल, तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवापासून सुरुवात करावी, कारण तेथे प्रेक्षक तयार असतो आणि परीक्षकांचे अभिप्राय मिळतात. परंतु स्पर्धेच्या वेळेच्या मर्यादेत बसवलेले काम आणि स्वतःच्या गरजेने घडलेले काम यांत फरक पडतो. म्हणून दुसरे सादरीकरण चाळीस-पन्नास माणसांपुढे, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयाच्या सभागृहात करावे आणि संपल्यावर प्रेक्षकांना बसवून प्रश्न विचारू द्यावेत. जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह किंवा बालगंधर्व खुले नाट्यगृह यांसारख्या मोठ्या जागेचा विचार त्यानंतर करावा.

मोठ्या जागेत गेल्यावर तांत्रिक तालमीसाठी स्वतंत्र वेळ मागून घ्यावी. प्रकाशयोजनाकाराला तोंडी "येथे लाल करा" असे सांगण्यापेक्षा मिनिट-सेकंदांसह लिहिलेला तक्ता द्यावा. पडद्यामागून पाहणाऱ्या मदतनिसाला तोच तक्ता द्यावा, कारण आयत्या वेळी ध्वनियंत्रणा चालवणारा मुलगा चहाला गेलेला असतो, हा आपल्याकडील सार्वत्रिक अनुभव आहे.

काम मिळवण्यासाठी चित्रफीत कशी असावी?

तीन मिनिटांपेक्षा मोठी नसावी, आणि पहिल्या वीस सेकंदांत तुमचे सर्वांत चांगले काम दिसावे. झगमगीत तुकडे जोडलेल्या चित्रफितीबरोबरच एका रचनेचे सलग, न कापलेले चित्रीकरणही द्यावे. निवड करणाऱ्याला तुम्ही उत्तम नाचता हे पहिल्यात दिसते. तुम्ही विचार कसा करता, हे दुसऱ्यात दिसते. नर्तक म्हणून अर्ज करत आहात की रचनाकार म्हणून, हे स्पष्ट लिहावे, कारण दोन्हींसाठी पाहण्याची दृष्टी वेगळी असते.

घरच्यांचा विरोध आहे. "नाचगाण्याला" कोण पाठवणार, असे म्हणतात. काय करावे?

हा प्रश्न मुलींच्या आणि मुलग्यांच्या बाबतीत वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण जवळपास तेवढ्याच वेळा येतो. ज्या खान्देशात तमाशाचे फड वर्षानुवर्षे गर्दी खेचत आले, तेथेच नाचणाऱ्याला घरात स्थान नाही, ही विसंगती वादाने सुटत नाही. पालकांना तालमीला बोलावणे हा त्यावरचा उपाय आम्हाला अधिक परिणामकारक वाटतो. कार्यक्रमाला नव्हे, तालमीला. एकच आवर्तन दहा वेळा मोडून पुन्हा जुळवले जाताना पाहिले की ही चैन नसून मेहनत आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या कामासाठी जाताना मुक्कामाचा पत्ता, परतीची गाडी, सोबत कोण आहे आणि मानधन किती ठरले, हे चार मुद्दे लिहून घरी द्यावेत. एवढ्याने सगळे पालक तयार होतात असे नाही. पण नकाराचे कारण मग नृत्य उरत नाही, आणि बोलणे पुढे सरकते.

स्वतःच्या रचनेच्या पत्रिकेत गुरूंचे नाव घालावे का?

शिक्षण ज्यांच्याकडे झाले त्यांचे नाव परिचयात अवश्य द्यावे. 'नृत्यरचना' या शब्दापुढे मात्र ज्याने ती केली त्याचेच नाव असावे, आणि नर्तकांनी तालमीत स्वतःच्या हालचाली सुचवल्या असतील, तर त्यांची नोंदही तेथेच व्हावी. गुरूंना कामाचा कच्चा आराखडा आधी दाखवला आणि त्यांच्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या नाही, हे मोकळेपणाने सांगितले, तर पत्रिका छापून आल्यावर रुसवेफुगवे होण्याचे प्रसंग बरेच कमी होतात.